मडमेचं माहेर

दसऱ्याआधी घर धुऊन काढायचं म्हणजे किती, याला आमच्या खटाव तालुक्यात काही सुमार नसतो. गोधड्या, वाकळा, पडदे, पोती, डब्यांची झाकणं, ट्रंकेत पडून राहिलेली लग्नातली लुगडीसुद्धा पाण्यातून निघतात. घटस्थापनेला घरात एक चिंधी जरी पारोशी राहिली तरी देवी दारातूनच माघारी जाते, असं बायका म्हणतात, आणि देवीला दारातून माघारी पाठवायची छाती कुणाची आहे? त्यात हाच पंधरवडा नेमका पितरांचा. म्हणजे एकीकडे धुणी आणि एकीकडे वाडवडिलांची जेवणं. या दोन्हींच्या मध्ये सापडलेल्या नव्या सुनेची काय गत होते, ते शिवांजलीला विचारावं.

शिवांजली सांगलीची. वैशाखात लग्न होऊन वडूजजवळच्या या गावात आली. नवरा जयराज फौजेत, लग्नाची रजा संपल्यावर तो राजौरीला गेला आणि घरात तिघंच उरली: ती, सासू शालूबाई आणि सासरे लालासाहेब. इकडच्या रीतीनं ती सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणायची. माणसं चांगली होती, पण गल्लीतल्या बायका तिच्या तोंडावरच म्हणत, "फ्ल्याटातली पोरगी, हिच्यानं दसरा निघतोय व्हय?" हे तिला झोंबलं होतं. या दसऱ्याला घर असं धुवायचं की गल्लीनं बघत राहावं, असं तिनं मनाशी घेतलं होतं.

अष्टमीच्या सकाळी लालासाहेब वडूजला बाजाराला गेले. दुसऱ्या दिवशी अविधवा नवमी होती. नवरा जिवंत असताना, कपाळावर कुंकू घेऊन गेलेल्या बाईची ही तिथी. लालासाहेबांची आई हौसाबाई अशीच तरणीताठी गेलेली, आणि तिची नवमी म्हणजे या घरातला दिवाळीपेक्षा मोठा दिवस. शालूबाई गोधड्यांचा ढीग टेम्पोत टाकून कालव्यावर निघाल्या. जाताना म्हणाल्या, "देवाचं फोटू आन् भांडी तू बघ. काय पारुसं ठिवू नगंस." एवढंच म्हणाल्या. सोप्यातल्या चित्राचं सांगायचं राहून गेलं. इतक्या वर्षांत त्यांनी ते चित्र दुसऱ्या कुणाच्या हाती दिलंच नव्हतं, त्यामुळं सांगायची सवयही नव्हती.

त्या चित्राबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वाया जाईल. सोप्याच्या मधल्या भिंतीवर, देवघराच्या अगदी समोर, ते तेलरंगातलं विलायती चित्र टांगलेलं होतं. राखी दगडाचं बुटकं घर, वर काळ्या फरशांचं छप्पर, धुराड्यातून तिरका जाणारा धूर, मागं हिरवा डोंगर आणि त्यावर तिळाएवढी मेंढरं. आभाळ असं की आता पडेल की मग पडेल. आणि या सगळ्यात, घराच्या दारात, हिरवं नऊवारी लुगडं नेसलेली, डोक्यावर पदर घेतलेली, कपाळभर कुंकू लावलेली एक बाई सरळ समोर बघत उभी. लग्न होऊन आली त्या दिवशी शिवांजली या बाईपुढं वाकली होती. "ह्या तुझ्या आजेसासूबाई," असं शालूबाईंनी सांगितलं होतं.

त्याची हकीकत घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. लालासाहेबांचे वडील पाचगणीच्या एका शाळेत माळी होते. तिथं चित्रकला शिकवणारी मडम वेल्सची. वेल्स कुठं, असं विचारलं तर लालासाहेब सांगायचे, "इंग्लंडाच्या मावळतीला." मडमेचा हौसाबाईवर फार जीव. मायदेशी परत जाताना ती म्हणाली, हौसा, तुला माझं माहेर दाखवायचं राहिलं. म्हणून तिनं आपल्या माहेरचं घर काढलं, त्याच्या दारात हौसाला उभी केली आणि चित्र ठेवून गेली. लालासाहेब तीन वर्षांचे होते तेव्हा हौसाबाई गेली. तिचा एकही फोटो नव्हता. आईचा चेहरा म्हणून त्यांच्याजवळ होतं ते एवढंच. त्याचा मोबाइलवर फोटोसुद्धा ते कुणाला काढू देत नसत. आईला उजेडाचा त्रास होतो, म्हणत.

आणि अशा चित्रावर शिवांजलीची नजर पडली. उदबत्तीच्या धुरानं त्याचा रंग चहासारखा झाला होता. उद्या नवमी, आणि आजेसासूबाई अशा काळवंडलेल्या. पोरगी शहाणी, तिनं आधी मोबाइलवर बघितलं. कोमट पाण्यात थोडा साबण घालून मऊ स्पंजानं तेलरंगाचं चित्र पुसता येतं, असं एक गोरा माणूस दाखवत होता. त्यानं आधी कोपऱ्यात पुसून बघितलं, तसं हिनंही बघितलं. आभाळ उजळलं. डोंगर तर इतका हिरवागार निघाला की तिला शिराळ्याकडचे पावसाळ्यातले डोंगर आठवले. धुरकट घर स्वच्छ झालं, दगड न् दगड दिसायला लागला. मग तिनं स्पंज पिळला आणि दाराकडं वळली.

पहिल्याच हाताला स्पंज हिरवा झाला. तिला वाटलं, धूळ असेल. धूळ हिरवी कुठं असते, हे कळेपर्यंत दुसरा हात फिरला होता. लुगड्यातून हिरवं पाणी चौकटीवर ओघळलं, त्यामागं पिवळं, आणि सगळ्यात शेवटी कपाळावरचं लाल. ती घाबरून कोरडं फडकं घेऊन टिपायला गेली आणि बाईचा सबंध चेहराच फडक्याला आला. फडक्यावर एक मातकट डाग, त्यात काजळाचे दोन फराटे. ते तिच्या नवऱ्याच्या आजीचे डोळे होते.

जिथं हौसाबाई उभी होती तिथं आता लाकडी बंद दार होतं, आणि दाराशी, पुढच्या पायांवर हनुवटी टेकून, एक काळंपांढरं कुत्रं बसलं होतं. चांगलं झुपकेदार, एक कान दुमडलेलं. इतकी वर्षं लुगड्याआड बसून आता सुटका झाल्यासारखं ते तिच्याकडं बघत होतं. आजेसासूबाईच्या जागी कुत्रं. आणि उद्या नवमी.

तिनं जयराजला फोन लावला. तो नेहमीप्रमाणं संपर्कक्षेत्राच्या बाहेर होता. आईला लावावा तर आई म्हणणार काय, लगेच ये म्हणून? तिला स्वतःलाच दिसायला लागलं: बॅग भरलेली, दारात गल्लीतल्या बायका, आणि सत्तरीचा सासरा भिंतीकडं बघत बसलेला. बाकी सगळं एकवेळ सोसलं असतं, पण त्या म्हाताऱ्या माणसाची आई तिनं भांड्याच्या साबणानं धुऊन टाकली होती. ती चित्रापुढं फतकल घालून बसली आणि रडायला लागली.

शालूबाई ओल्या गोधड्यांचं बोचकं घेऊन आल्या तेव्हाही ती तशीच बसलेली होती. शालूबाईंनी बोचकं खाली टाकलं, चित्राकडं बघितलं, सुनेकडं बघितलं. शिवांजलीनं कानावर हात घेतले, आता शिव्याच पडणार म्हणून.

"तवाबी कुत्रंच निघालं हुतं," शालूबाई म्हणाल्या.

शिवांजलीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "कधी, आत्या?"

"माज्या पैल्या दसऱ्याला. म्याबी धुतलं हुतं की. तुज्यागत मोबाइल बघून न्हाई, राखंनं घासून." त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. "रडू नगं. म्याच सांगाया पायजे हुतं तुला. दर साली म्याच उतरवती आन् म्याच पुसती, फिकं झालं तर गुपचूप हात फिरवती. औंदा गोधड्यांच्या नादात इसरली बग."

शिवांजलीचं रडं तिथंच थांबलं. हात फिरवती म्हणजे काय? शालूबाईंनी मग जे सांगितलं ते ऐकून तिला आधीचा धक्का बरा वाटायला लागला.

हौसाबाई गेल्यावर लालासाहेबांचे वडील पाचगणी सोडून गावी आले आणि वर्षाच्या आत त्यांनी दुसरं लग्न केलं. बायको शिराळ्याची, वय अठरा-एकोणीस. घरात एक चार वर्षांचं पोर, ते तिला काकी म्हणायचं. आईबद्दल पोरानं विचारलं की बाप सांगायचा, "आई मडमेच्या घरी गेलीया." आता मडमेचं घर तर समोर भिंतीवरच होतं. ते पोर दिवसभर चित्रासमोर बसून राहायचं. दार उघडेल आणि आई बाहेर येईल म्हणून वाट बघायचं. जेवायचं नाही. काकीनं घास पुढं केला की तोंड फिरवायचं.

"त्या शिराळ्याच्या लेक," शालूबाई म्हणाल्या. "नागपंचमीला भित्तीवर नाग काढायचं म्हंजे हात बसल्याला. येक दिस दुपारी प्वार निजलं तवा त्यांनी डिंक भिजवला. हळदीत नीळ घालून हिरवा केला, गेरू, काजळ आन् कपाळाला कुक्कू. आन् त्या दारात बाई हुबी केली. प्वार उठलं, बघितलं, आन् म्हणालं, आय आली. त्या दिशी जेवलं."

"मग मडमेनं काढलेलं..."

"मडमेनं कुत्रं काढलं हुतं."

शिवांजली बंद दाराकडं बघत राहिली. तिच्या डोक्यात एकच प्रश्न आला आणि तो विचारायचीही भीती वाटली. "पण आत्या, थोरल्या आत्यांनी, म्हणजे काकींनी, हौसाबाईंना कुठं पाहिलं होतं? चेहरा कुणाचा काढला?"

शालूबाईंनी पदराच्या टोकानं डोळे टिपले. "म्याबी हेच इचारलं हुतं. माज्या चुकीपायी त्यांनी दुसऱ्यांदा काढली ती माज्या म्होरं. भित्तीचा आरसा काढून मांडीवर घेतला. म्हणाल्या, हौसाला म्या कवा बघितलीच न्हाई, मग कुणाची काढू? आरशात दिसती तीच काढली."

बाहेर मोटारसायकलचा आवाज झाला. गावातल्या कुणाच्या तरी मागं बसून लालासाहेब लवकरच आले होते. दोघींनाही उठायला वेळ मिळाला नाही. लालासाहेबांची सवय अशी की घरात आलं की पिशवी ठेवायच्याही आधी चित्रापुढं जायचं. स्वतः फौजेत असताना सुट्टीवर यायचे तेव्हाही आधी तिथंच, मग बाकीच्यांना रामराम. आज हातात केळीची पानं, पिशवीत भोपळा, गवार आणि अळू. ते उंबऱ्यातनं आत आले आणि थांबले.

पानं हातातनं सुटली. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. तरीही कुत्रंच होतं.

"आय कुटं हाय?"

सत्तर वर्षांचा, सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस हे विचारत होता, आणि आवाज मात्र चार वर्षांच्या पोराचा होता. शिवांजली त्यांच्या पायावर पडली. "मामा, माझ्याकडनं झालं. मी धुतलं. मला माहीत नव्हतं." त्यांनी तिच्याकडं बघितलंही नाही. ते चित्राजवळ गेले, बंद दारावर बोट टेकवलं आणि तसंच ठेवलं.

"पोरीला काय बोलू नगासा," शालूबाई म्हणाल्या. "आवं, ती तुमची आय नव्हती. त्या काकी हुत्या."

आणि मग त्यांनी सगळं सांगून टाकलं, आरशासकट. चाळीस वर्षं पोटात ठेवलेलं एका दमात बाहेर काढलं.

लालासाहेब हळूहळू वळले. रागानं त्यांचा चेहरा काळानिळा झाला होता. "खोटं बोलतीस. माज्या आयला म्या वळखत न्हाई व्हय? साट वरसं बघतुया. ही अशी डाव्या भिवईवर चीर. हनवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण. हिरवं लुगडं. गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीचा टाक..."

ते तिथंच थांबले.

बोट हवेत, दारासमोर, जिथं गळा असायचा तिथं राहिलं. टाक म्हणजे काय, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पहिली बायको मेली की तिची मूर्ती चांदीच्या पत्र्यावर ठोकून घेतात, आणि दुसरी बायको आयुष्यभर ती गळ्यात बांधते. मेलेल्या सवतीचा मान म्हणून. हौसाबाई पहिली होती. तिच्या गळ्यात कुणाचा टाक असणार? हौसाबाई स्वतःच टाकात होती. आरशात बघून काढणाऱ्या अठरा वर्षांच्या पोरीनं आरशात दिसलं ते सगळं काढलं होतं, गळ्यातला टाकसुद्धा. आणि साठ वर्षं तो टाक बघूनही लालासाहेबांच्या ध्यानात आलं नव्हतं.

ते तिथंच जमिनीवर बसले, केळीच्या पानांवरच. मग ते बोलायला लागले, पण दोघींपैकी कुणाशी नव्हे. काकी दर नवमीला पहाटे उठून सवतीसाठी पुरणाचा स्वयंपाक करायच्या. ताट तयार झालं की लालासाहेब ते त्यांच्या हातातनं काढून घ्यायचे. "तुमी नगा काकी, माज्या आयचं म्या करतो," म्हणायचे. वडील गेल्यावर तर काकींना त्या दिवशी सोप्यातसुद्धा येऊ द्यायचे नाहीत, विधवा बाई नवमीला समोर नको म्हणून. त्या आतल्या खोलीत बसून राहायच्या. शेवटच्या दुखण्यात त्यांची खाट सोप्यात होती आणि त्या सारख्या चित्राकडं बघत पडायच्या. "मला वाटायचं, माज्या आयवर डोळा हाय हिचा," लालासाहेब म्हणाले. "मराया टेकली तरी. म्या खाट फिरवून ठिवली गं. तोंड भित्तीकडं करून."

हे शालूबाईंनाही माहीत होतं, त्यांनीच एका बाजूनं खाट धरली होती. तरी ते असं उघड ऐकताना त्यांनी तोंडाला पदर लावला. शिवांजलीला तर तिथं बसवेना आणि उठवेनाही. तिला सासऱ्यांचा राग आला, आणि त्याच वेळी त्यांना जवळ घ्यावं असं वाटलं.

लालासाहेब उठले. देव्हाऱ्यातनं त्यांनी काळपट पडलेला, बोटाएवढा चांदीचा टाक काढला. काकी गेल्यावर तो गळ्यातनं काढून देवात ठेवला होता. उभी बाई, दोन हात, दोन डोळ्यांचे ठिपके, बस. त्यांनी तो तळहातावर घेऊन निरखला. "म्हंजे आय हितं हुती," ते म्हणाले. "जलमभर काकीच्या गळ्यात."

मग टाक हातात घट्ट धरूनच ते शिवांजलीकडं वळले. तिला वाटलं, आता आपली पाळी.

"डिंक हाय का घरात?"

"आहे, मामा. लाडवाला आणलेला."

"भिजवायला घाल. हळद घे. खड्याची नीळ न्हाई तर ती बाटलीतली घे, काय ती. काढ तिला."

"कशी काढू? मी थोरल्या आत्यांना कधी पाहिलंच नाही. आणि आरशात बघून काढली तर..."

"तुजं तोंड नगं," ते म्हणाले. "म्या सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. शिवांजली शाळेत असताना रांगोळीच्या स्पर्धेत भाग घ्यायची, तेवढीच तिची चित्रकला. पण म्हाताऱ्याला सगळं माहीत होतं. नाक असं नको, जरा बसकं. डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित बारीक. गालावर इथं खळी, पण हसताना नव्हे, राग आला की. ओठ मिटलेले. जन्मात कधी जिच्याकडं नीट बघून बोलले नव्हते तिची रेघ न् रेघ त्यांच्या डोळ्यांत होती, कारण रोज सकाळ-संध्याकाळ ते तिच्याच पाया पडत होते. शालूबाई मधेच म्हणाल्या, "येवढं तर मलाबी ठाव नव्हतं." दोनदा चेहरा पुसून परत काढावा लागला. लुगड्याचा हिरवा यायला वेळ लागला, हळद जास्त झाली होती.

कपाळाशी आल्यावर शिवांजलीचा हात अडखळला. काकी तर विधवा म्हणून गेलेल्या. तिनं कुंकवाची वाटी हातात धरून सासऱ्यांकडं बघितलं.

"लाव," लालासाहेब म्हणाले. "मोटं लाव."

"आन् कुत्रं?" शालूबाईंनी विचारलं. लुगड्याचा घोळ अजून खालपर्यंत आला नव्हता.

"ऱ्हाऊ दे. मडमेचं हाय ते. बाजूला बसंल."

दुसऱ्या दिवशी नवमीला दोन ताटं वाढली. एक देव्हाऱ्यात टाकापुढं, एक सोप्यात चित्रापुढं. विधवा गेलेल्या बाईला नवमीचं ताट कुठं असतं, असं जेवायला बोलावलेल्या सवाष्णीनं विचारलंच. लालासाहेबांनी तिला शांतपणे पाटावर बसायला सांगितलं.

टाकापुढचं ताट त्यांनी सवयीनं दाखवलं. दुसरं घेऊन चित्रापुढं उभे राहिले आणि तसेच उभे राहिले. पुरणाची वाफ विरत गेली. शिवांजलीला वाटलं, त्यांना चेहरा पसंत पडला नसेल, नाक चुकलं असेल. तिनं शालूबाईंकडं बघितलं. शालूबाई नवऱ्याच्या ओठांकडं बघत होत्या.

"आय," लालासाहेब म्हणाले. तो शब्द त्यांनी याच जागेवर हजारदा म्हटला असेल, पण काकींना पहिल्यांदाच. "आय, जेव. लय उशीर झाला."

मग ताट खाली ठेवून त्यांनी पोळीचा एक तुकडा मोडला आणि कुत्र्यासमोर ठेवला.